पांढऱ्या सावल्यांचा डॉक्टर

आमच्या डॉक्टरसाहेबांपुढं 'फोटो' म्हणायची सोय नव्हती.

कोणी म्हणालाच, "साहेब, छातीचा फोटो काढायचाय," की साहेब खुर्चीतून उठायचे, त्याचा दंड धरायचे आणि त्याला गाडीबाहेर उन्हात नेऊन उभा करायचे.

"खाली बघ. काय दिसतंय?"

माणूस बावरून म्हणायचा, "माती."

"मातीवर?"

"सावली हाय."

"कोणाची?"

"माझीच की."

"तुझ्या सावलीला मिशा आहेत का?"

"न्हाईत."

"आणि तुला?"

"मला हायेत."

"मग? फोटोत मिशा येतात. सावलीत येत नाहीत. आम्ही इथे फोटो काढत नाही, सावली काढतो. चल आत."

एकदा एका गावचे सरपंच दिवस कलताना आले आणि फोटो म्हणून बसले. साहेबांनी त्यांनाही बाहेर नेलं. सरपंच म्हणाले, "साहेब, माझी सावली लई मोठी हाय बरं का!" साहेब म्हणाले, "संध्याकाळी सगळ्यांचीच मोठी असते." सरपंच हसले, पण पुढच्या खेपेला त्यांनी आम्हाला शाळेचं मैदान दिलं नाही. गाडी ओढ्याकाठी लावावी लागली.

मी त्या गाडीचा ड्रायव्हर. शाळा चौथीपर्यंत, त्यातही तिसरी दोनदा. गाडी नगरच्या एका धर्मादाय दवाखान्याची होती. मागच्या अंगाला एक्स-रेचं यंत्र, त्याला जनरेटर, आणि फिल्म धुवायला कपाटाएवढी अंधारी खोली. एक डॉक्टर, एक सिस्टर आणि मी. आज पुणतांब्याला तर दोन दिवसांनी मिरजगावला, असं जिल्हाभर फिरायचो. खोकणारी माणसं गोळा करायची, छाती तपासायची, क्षय दिसला तर दवाखान्याला कळवायचं. बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षाची ही हकिकत.

आत्ताच कशाला लिहितोस म्हणाल, तर माझी बायको गेली. ह्या उन्हाळ्यात. शेवटी तिला नगरला नेलं, तिथं मोठ्या मशिनीत घातलं. आत काय निघालं ते एका तरण्या डॉक्टरनं टीव्हीसारख्या पडद्यावर दाखवलं. मी विचारलं, "ही सावली का?" तो म्हणाला, "सावली नाही आजोबा, आत आहे तसंच दिसतंय." तो म्हणाला तसंच झालं. त्याच्यावर माझा राग नाही. पण तेव्हापासून आमचे साहेब डोक्यातून जात नाहीत. घरात दुसरं माणूस बोलायला नसलं की असंच होतं. सून म्हणते, आबा, तेच तेच सांगण्यापेक्षा लिहून काढा. म्हणजे तिचीही सुटका.

तर साहेबांचा शब्द होता 'स्कायाग्राम'. जुने डॉक्टर चिठ्ठीवर तसं लिहायचे, 'स्कायाग्राम, छाती'. बाकीच्यांनी तो कधीच सोडला होता, सगळे एक्स-रे म्हणायला लागले होते. साहेब सोडेनात. एकदा राहुरीकडून येताना मी विचारलं, "साहेब, ह्यातलं ग्राम म्हंजे गावच ना?"

"गाव नाही रे. ही ग्रीक लोकांची भाषा. स्किया म्हणजे सावली. ग्राम म्हणजे लिहिलेलं. तार येते तिला टेलिग्राम म्हणतोस ना? लांबून लिहिलेलं. तसं हे सावलीनं लिहिलेलं."

"आन् एक्स-रे?"

"एक्स म्हणजे ठाऊक नाही ते. गणितात धरतात तसं. ज्या जर्मन मास्तराला हे किरण सापडले, त्याला ते कसले आहेत हेच कळेना. म्हणून नाव ठेवलं एक्स. प्रामाणिक माणूस. मला कळत नाही असं नावातच सांगून मोकळा झाला. नाहीतर आपण बघ, कळत नाही तिथंच जास्त बोलतो."

मग थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "त्यानं माणसाची पहिली सावली काढली ती बायकोच्या हाताची. हाडं उमटली आणि बोटातली अंगठी. आपली हाडं बघून ती बाई हबकली."

"मंग?"

"मग काय? बायको घाबरली आणि नवरा जगात गाजला. नेहमीचंच."

साहेबांच्या स्वतःच्या हातांचं सांगायचं तर बोटं पाहवत नसत. जन्मभर त्या किरणांत हात घातलेले. कातडी वाळलेल्या आंब्याच्या सालीसारखी, नखं चिरलेली. भाकरी मोडताना दुखायचं, पण दुसऱ्यानं मोडून दिलेली चालत नसे.

त्यांचा लाल चष्मा सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होता. पडद्यावर छाती हलती बघायची तर अंधार लागतो, आणि अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो. म्हणून आधी अर्धा तास लाल काचांचा चष्मा लावून बसायचं, अशी तेव्हा रीत होती. बाकीचे डॉक्टर बसून राहायचे. साहेबांना बसवत नसे. तो चष्मा लावून ते बाजारात फिरायचे, मेथीच्या जुड्या उचलून बघायचे, हॉटेलात भजी खायचे. पोरं मागं लागायची.

पुणतांब्याला एकदा असेच चष्मा लावून ओळीतल्या बायांची विचारपूस करत होते. एका बाईला मायेनं म्हणाले, "मालक जाऊन किती दिवस झाले, ताई?"

बाई म्हणाली, "कुठं जाऊन?"

"म्हणजे... कपाळ मोकळं दिसलं म्हणून विचारलं."

बाईनं कपाळाला हात लावून बघितला आणि जी पेटली! "आरं ए चष्म्या! रुपयायेवढं कुकू लावलंय, दिसत न्हाई व्हय? माझं कुकू पुसाया आलाय का रं तू?"

मालक मागंच उभे होते. त्यांनी पागोटं सावरलं आणि हळूच म्हणाले, "सायेब, मी हाय अजून."

लाल काचेतून लाल दिसत नाही, कुंकू कातडीत मिसळून जातं, हे साहेबांच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांनी चष्मा काढला, बाईपुढं हात जोडले. चष्मा काढला म्हणजे अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून बसले. त्यानंतर चष्मा लावून कोणाशी बोलायचं झालं की आधी माझ्या कानाशी यायचे, "अरे, ह्या बाईंना कुंकू आहे ना?"

साहेब मूळचे भिक्षुकी घराण्यातले. लष्करात डॉक्टरकी करून नगरजवळच्या भिंगारला राहिलेले. धुतलेल्या फिल्म दोरीवर लावताना एकदा म्हणाले, "आमच्या आजोबांच्या अंगावर परजातीच्या माणसाची सावली पडली तर ते आंघोळ करायचे. आणि नातू बघ, दिवसभर सगळ्या जातींच्या सावल्या ओल्या हातानं वाळत घालतोय. आजोबा असते तर विहिरीतून वर आलेच नसते."

त्या सावल्याही उलट्या. उन्हातली सावली काळी, फिल्मवरची पांढरी. जिथं घट्ट काही असेल तिथं पांढरं, जिथं नुसती हवा तिथं काळं. हाड पांढरं, काळीज पांढरं, आणि फुप्फुसात पांढरं दिसलं की घोर लागायचा. लोक त्याला डाग म्हणायचे. साहेब डाग म्हणत नसत, सावलीच म्हणायचे. आणि कागदावर रोगाचं नाव लिहायचं तर त्यांच्या जिवावर यायचं. लिहायचे, 'उजवीकडे वर सावली. कशाची ते पाहावे.' दवाखान्याचे मोठे साहेब त्यावरून चिडायचे. "अहो, क्षय आहे का नाही एवढं लिहा!" साहेब म्हणायचे, "मी भिंतीवर शिंगांची सावली बघितली. बैल आहे का काळवीट, ते दाराबाहेर जाऊन बघा."

घरी त्यांच्या म्हाताऱ्या सासूबाई. बायको तरुणपणी वारली, मूलबाळ नाही, पण सासूला त्यांनी ठेवून घेतलेलं. बायको मेल्यावर सासूला सांभाळणारा जावई मी तोवर पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. दोघांचं रोज वाजायचं. मी त्यांच्याच आवारात मागच्या खोलीत राहायचो, सगळं ऐकू यायचं. म्हातारी मला बोलावून सांगायची, "हा तुझा साहेब. माणसांच्या छातीत बघतो, पण डब्यात साखर संपली ते ह्याला दिसत नाही." साहेब आतून ओरडायचे, "साखरेची सावली पडत नाही!" ती म्हातारी गेली तेव्हा साहेबांनी मुंडण केलं. लोक हसले. जावई कधी मुंडण करतो का? पुढं साहेबही भिंगार सोडून गेले, नाशिककडं कुठं तरी वारले, एवढंच कळलं. मला वेळेवर कळवणारं कोणी नव्हतं.

आता आमचं सांगतो.

माझं गाव मिरजगावपासून दोन कोसांवर. मी भिंगारला, बायको गावाकडं माझ्या आयपाशी. लग्नाला दोन वर्षं होत होती. बायकोचं माहेर पुणतांब्याजवळ, गोदेच्या काठी. तिकडं पाणी, पेरू, ऊस. आमच्याकडं कुसळं. तरी तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. केस मात्र भारी, वेणी कमरेखाली जायची. आय म्हणायची, "हिच्या डोक्याला एक तेलाची बरनी पुरंना."

आय कडक होती. वडील लवकर गेलेले, बाईनं एकटीनं शेत ओढलेलं. तिचा शब्द म्हणजे शब्द.

त्या थंडीत बायको खोकायला लागली. खोकला महिना झाला तरी जाईना, अंगात बारीक ताप. मी गाडीबरोबर अकोले तालुक्याच्या डोंगराकडं होतो. चुलतभावानं तिला शेजारच्या तालुक्याच्या गावी नेलं, तिथं एका खासगी ठिकाणी छातीची फिल्म काढली. डॉक्टर गर्दीत होता, फिल्म बघून म्हणाला, उजवीकडे वर डाग आहे, क्षय दिसतोय.

मी घरी आलो तर ही गोठ्यात. ताट-वाटी वेगळी, तांब्या वेगळा, पांघरूण वेगळं. आयनं तिच्या बापाला निरोपही धाडला होता, की मिरजगावच्या बाजाराला या आणि पोरीला घेऊन जावा.

मी म्हणालो, "आय, आवशीद असतंय आता. बरं हुतंय."

"म्हायेरी जाऊन बरी हुंदे."

"आन् मंग?"

"मंगचं मंग बघू."

त्या 'मंग'चा अर्थ आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. क्षयाची म्हणून माहेरी गेलेली बाई परत येत नसे. वर्षभरात नवऱ्याला दुसरी बघायचे. पाटलाच्या थोरल्या सुनेचं तसंच झालं होतं, आणि ती पुढं चांगली ठणठणीत होऊन बापाच्या शेतात खुरपायची.

ही गोठ्याच्या दारात बसलेली. म्हणाली, "मला घालवनार व्हय तुमी?"

मी म्हणालो, "न्हाई." पण म्हणून काय होतंय? मी भिंगारला, आय घरात.

ती फिल्म काखेत मारून मी साहेबांकडं गेलो. ते चहा पीत होते. फिल्म हातात घेऊन खिडकीशी गेले, उजेडाला धरली. सासूबाई म्हणाल्या, "अरे, आधी चहा तरी पिऊ दे त्याला."

साहेबांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "ही सावली फुप्फुसात राहत नाही. बघ, वर मानेकडं निघालीय. फुप्फुसाचं दुखणं फुप्फुस सोडून फिरायला जात नाही."

"म्हंजे काय, साहेब?"

"म्हणजे मला ठाऊक नाही. मिरजगावला बाजाराच्या दिवशी आपली गाडी आहे ना? तिला घेऊन ये."

बाजाराच्या दिवशी मैदानात गाडी लावली. ही आली, आय आली, आणि माझे सासरेही सकाळच्या यष्टीनं येऊन लिंबाखाली बसले. येताना पेरूची पिशवी आणलेली. आमच्या आयला ती पिशवी द्यावी का देऊ नये हेच त्यांना कळेना. मांडीवर घेऊन बसून राहिले.

सिस्टरनं हिला आत घेतलं, ढगळ सदरा दिला, मंगळसूत्र वर घेऊन दातात धरायला सांगितलं. बाया मंगळसूत्र काढत नसत, म्हणून आमच्या गाडीत तशी सवलत होती. साहेब म्हणाले, "थांबा सिस्टर. बाळ, त्या दिवशी तिथं कशी उभी राहिली होतीस? अगदी तशीच उभी राहा बघू."

हिनं माझ्याकडं बघितलं. "तशीच?"

"अगदी तशीच."

ती लाजली. मग मान वाकडी करून पाठीवरची वेणी ओढून उजव्या खांद्यावरून पुढं घेतली, सदऱ्याच्या आत सोडली, आणि ताठ उभी राहिली. हनुवटी वर, नजर समोर.

साहेब म्हणाले, "वेणी पुढं का घेतलीस?"

"फोटोत घेत्यात," ती म्हणाली. मिरजगावात एका फोटोवाल्याच्या दुकानाला काचेचं कपाट होतं, त्यात नवऱ्या मुलींचे फोटो लावलेले. सगळ्यांच्या वेण्या पुढं. "आमच्या लग्नात फोटोवाला न्हवता. छातीचा फोटो काढायचाय म्हनलं, मी म्हनलं, येवढा तर निघतोय. म्हनून न्हाऊन, येनी घालून गेल्ते. रिबिनबी लावली हुती."

'फोटो' म्हणाली तरी साहेबांनी तिला उन्हात नेलं नाही. लाल चष्मा कपाळावर सरकवून डोळे पुसायला लागले. हसत होते का काय, कळेना.

सिस्टरनं वेणीचा आंबाडा वर बांधला. साहेबांनी फिल्म काढली, धुतली, आणि पाणी निथळत होतं तशीच आणून आकाशाला धरली. उजवं फुप्फुस वरपासून खालपर्यंत काळंभोर, स्वच्छ. वेणी वर गेली तशी तिची ती सावलीही गेली होती. मी तर उडीच मारणार होतो.

"साहेब, चला. आयला सांगा, हिला काय झालेलं न्हाई म्हनून."

साहेब म्हणाले, "सावली नाही, असं सांगेन."

"तेच की."

"तेच नाही. महिनाभर खोकतेय, ताप आहे. थुंकी तपासायला हवी, पुन्हा बघायला हवं. मला दिसलं नाही एवढंच मी म्हणू शकतो. काही झालेलं नाही, असं कसं म्हणू?"

माझं डोकं फिरलं. "साहेब, सबदाचा कीस पाडू नका. माझा संसार मोडतोय हितं. आयला येक सबूद पायजे."

"खोटा?"

"खोटा तर खोटा!"

"मग तो तू सांग," साहेब म्हणाले. "मी तिला सांगितलं आणि उद्या थुंकीत काही निघालं, तर तुझी आई पुन्हा कुठल्याच डॉक्टरवर विश्वास ठेवणार नाही. मग ह्या पोरीला औषधसुद्धा मिळणार नाही."

मी तोंड फिरवलं. इतका राग मला माझ्या जन्मात कोणाचा आला नव्हता.

साहेब थोडा वेळ ओली फिल्म हलवत उभे राहिले. मग सिस्टरला म्हणाले, "घरात एक खोकतंय म्हणजे घरातल्या सगळ्यांची बघायची, हा आपला नियम आहे ना? ह्याच्या आईला बोलवा."

आय काही यायला तयार नव्हती. "मला काय झालंय? मी धडधाकट हाय." सिस्टर म्हणाली, नियम आहे. आय म्हणाली, "तुमचा नेम तुमच्या घरी." शेवटी लोक बघायला लागले, तेव्हा पदर खोचून चढली. गळ्यातला ताईत काढीना, तोही दातात धरून उभी राहिली. श्वास धरा म्हटलं तर एवढा धरला की सिस्टरला सांगावं लागलं, सोडा आता.

साहेबांनी तिची फिल्म धुऊन आणली. "या बाई, इकडं या. ही तुमची सावली."

आय डोळे बारीक करून बघत राहिली. "ह्यो मी?"

"तुमची छाती."

"काळीज कुठाय?"

"हे इथं."

"दगड दिसतोय का त्यात? समदी म्हनत्यात, माझं काळीज दगडाचं हाय."

"काळजात नाही," साहेब म्हणाले. "पण इथं वर, फुप्फुसात, हा पांढरा खडा बघा. दगड नाही, चुना आहे. जुनी जखम आहे ही. फार जुनी. भिंतीची फट चुन्यानं बुजवावी तशी शरीरानं भरून टाकलीय. तुम्ही कधी पुष्कळ दिवस खोकत होता का?"

आयनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यो अंगावर पीत हुता तवा. पावसाळा गेला, हिवाळा गेला. रगतबी पडायचं." पुन्हा फिल्मकडं बघितलं. "म्हंजी मला त्योच रोग हुता?"

"रोगाचं नाव मी सांगत नाही, बाई. जखम होती आणि ती भरली, एवढं दिसतंय."

"कुनी भरली?"

"ते तुम्हालाच ठाऊक," साहेब म्हणाले. "सावलीत दिसत नाही."

आयनं ती ओली फिल्म स्वतःच्या हातात घेतली. साहेब फिल्मला कोणाला हात लावू देत नसत, पण काही बोलले नाहीत. पाणी तिच्या कोपरावरून खाली गळत होतं.

"सासूनं," आय म्हणाली. "दुसरं कोन भरनार? शेळी इकत आनली हुती माझ्यासाटी. दुधाची कासंडी घिऊन उशाशी बसायची, पी म्हनायची. मी न्हाई म्हनलं तर शिव्या द्यायची. येका ताटात जेवायची माझ्यासंगं. म्हनायची, मेलो तर दोगी मरू."

साहेब म्हणाले, "सुनेच्या फिल्ममध्ये सावली नाही. खोकला आहे. थुंकी तपासायची, लागलं तर औषध घ्यायचं. मला एवढंच सांगता येतं."

आयनं ऐकलं का नाही, देव जाणे. फिल्म परत दिली, पदरानं हात पुसले आणि पायऱ्या उतरली. मी मागं गेलो. ही गाडीच्या चाकाशी गाठोडं घेऊन उभी होती, जायच्या तयारीनं. लिंबाखाली सासरे उठून उभे राहिले.

आय त्यांच्यापुढं जाऊन थांबली. "पाव्हनं, तुमची यष्टी कितीला?"

"तीनला हाय जी."

"मंग जावा तुमी. पोरगी येत न्हाई."

सासऱ्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. "म्हंजी? डाक्तर काय म्हनला? काय न्हाई म्हनला का?"

"त्यो काय म्हनतोय!" आय म्हणाली. "त्याला काय बी ठावं न्हाई. त्यानंच सांगितलं तसं. मी म्हनतीया. पोरगी माझ्या घरात ऱ्हाईल. आवशीद लागलं तर खाईल, न्हाई लागलं तर न्हाई खानार."

मग हिच्याकडं वळली. "आन् ते गाठुडं कशाला कवळून हुबी हायेस? दे हिकडं."

ही देईना. तिला खरं वाटत नव्हतं. आयनं गाठोडं ओढून घेतलं, काखेला मारलं, आणि सासऱ्यांच्या हातातली पेरूची पिशवीही मागून घेतली. त्यातला एक पेरू लुगड्याला पुसून चावला. निम्मा हिच्या हातात दिला. "खा. बाकीचं घरी."

हिनं त्या चावलेल्या पेरूकडं बघितलं, आयकडं बघितलं, आणि खायला लागली.

सासरे मोकळ्या हातानं यष्टीकडं निघाले. पोरीला न्यायला आलेला बाप पोरीला न घेता चालला होता. रस्त्याच्या वळणावर थांबून त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि आमच्याकडं बघून, सगळ्या बाजारासमोर, दोन्ही मोकळे हात उंच करून दाखवले.